कानांवरचे हात

घर म्हटले की त्यात आवाज हा आलाच. पहाटे नळास पाणी आले म्हणजे होणारी बादल्यांची खणखण, देवघरातील घंटा, फोडणीचा चर्र असा नाद, पाने मांडताना होणारी ताटवाट्यांची गडबड, मुलांचे पाढे आणि दिवेलागणीची शुभंकरोती. हे आवाज ज्या घरात नाहीत ते घर आपणांस ओसाड वाटते. मी या घरात सून म्हणून आले त्यास आता चव्वेचाळीस वर्षे झाली. घड्याळाकडे न पाहता केवळ आवाजांवरून किती वाजले हे मी सांगू शकते, याचा मला थोडा अभिमानही होता. परंतु हेच आवाज आमच्याच घरातील एका लहानग्या जिवास असह्य होत होते, हे समजण्यास मला जवळजवळ एक वर्ष लागले. आणि त्या वर्षात माझ्या हातून अशी एक चूक घडली की तिची आठवण झाली म्हणजे अजून मान खाली जाते. ती येथे लिहून काढण्याचे कारण इतकेच की, पुष्कळ घरांतून हीच चूक मोठ्या प्रेमाने आणि चांगल्या हेतूने आजही होत असेल.

आमचे कुटुंब तसे जुन्या वळणाचे. सदाशिव पेठेतील वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, तेव्हा आमच्या यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी एकाच मजल्यावर शेजारशेजारच्या जागा घेतल्या व मधली भिंत काढून टाकली. आज घरात लहानमोठी मिळून अकरा माणसे आहेत. देवघर एक, स्वयंपाकघर एक. माझ्या धाकट्या चिरंजीवांचा मुलगा जून 2020 मध्ये जन्मला. त्याचे पाळण्यातले नाव येथे सांगत नाही. घरात आम्ही त्यास बाळ म्हणतो, तेच येथेही म्हणेन.

बाळ दीड वर्षाचा झाला त्या सुमारास कुकरचे प्रकरण सुरू झाले. कुकरमधील वाफ नुसती फुसफुसू लागली की हा जेथे असेल तेथून धावत सुटे आणि अगदी शेवटच्या खोलीत जाऊन, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून, भिंतीकडे तोंड करून उभा राही. शिट्टी होऊन गेली तरी हात खाली येत नसत. पुढे मिक्सर आला, मग दाराची घंटा, मग देवघरातील घंटा. गणेशोत्सवाच्या आधी पुण्यात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. तो नदीकाठी कोठेतरी दूर चाललेला असला, तरी याची झोप उडे. आम्हांला प्रथम या गोष्टीची गंमतच वाटली. "आला बरं का कुकर!" असे म्हणून कोणी उगाच तोंडाने शिट्टी वाजवी, तो पळे, आणि आम्ही हसत असू. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आम्ही ही गोष्ट मनावर घेतली नाही, त्यालाही एक कारण होते. थोरल्या मुलाचा मुलगाही लहानपणी मिक्सरला असाच भीत असे आणि चौथे वर्ष लागता लागता ती भीती आपोआप गेली. दोन्ही नातवांची भीती एकच, असे आम्ही धरून चाललो. परंतु त्यात एक फरक होता, तो त्या वेळी कोणाच्याच लक्षात आला नाही. थोरला घाबरला की आईकडे धावे, तिच्या ओढणीत तोंड लपवी, मग हळूच डोके वर काढून तिच्या चेहऱ्याकडे पाही आणि मिक्सरकडे बोट दाखवून "तो, तो" असे सांगे. त्याची भीती तो कोणाला तरी सांगत होता. बाळ मात्र माणसांपासूनही दूर पळे. तो आईकडे धावत नसे. त्यास भिंत पुरे होई.

दुसरीही एक गोष्ट मनाला खटकत होती. नावाने हाक मारली असता बाळ वळून पाहत नसे. एकदा नव्हे, दहादा हाक मारा. तो आपला खेळण्यातील मोटारीचे चाक फिरवीत बसलेला. म्हणून दिरांना शंका आली की मुलास ऐकू येत नसावे. पण तिसऱ्या खोलीतील कुकरची फुसफुस ज्यास ऐकू येते तो बहिरा कसा? मग घरातील मंडळींनी आपापली निदाने केली. एक म्हणाले, हा हट्ट आहे. दुसरे म्हणाले, टाळेबंदीच्या काळात जन्मलेली मुले, त्यांनी चार माणसे पाहिली कोठे, सगळी अशीच. बोलण्याविषयी विचारले तर एका डॉक्टरांनीही मुलगे उशिराच बोलतात असे सांगून आमची बोळवण केली. आणि ज्यांना दुसरे काही सुचत नव्हते त्यांनी अखेर सूनबाईंकडे बोट दाखविले. ती दिवसभर संगणकापुढे असते, मूल आईला आचवले, असा सूर निघाला. मी तो सूर लावला नाही हे खरे. परंतु तो मी थांबविलाही नाही.

यानंतर 2022 सालची गणेशचतुर्थी आली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि आरतीला शेजारपाजारची मिळून पंचवीसतीस माणसे जमतात. टाळ, झांजा, घंटा, शिवाय तबल्यावर कोणीतरी असतोच. आरतीस आरंभ होताच बाळ नेहमीप्रमाणे आत पळाला. पाहुण्यांपैकी एक बाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, देवाच्या घंटेलासुद्धा भितो का हा?" त्या बोलण्याने मला कसेसेच झाले. मी आत गेले, त्यास उचलून बाहेर आणले आणि मांडीवर बसवून त्याचे दोन्ही हात कानांवरून खाली ओढून माझ्या हातांत धरून ठेवले. "बाप्पाची आरती आहे रे, असं भिऊ नये. एकदा नीट ऐक म्हणजे भीती जाईल," असे मी त्याच्या कानाशी म्हणत होते. सवयीने सारे जाते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो इतका किंचाळला की झांजांच्या वर त्याचा आवाज गेला. मग एकाएकी तो गप्प झाला. मला वाटले, पाहा, भीती गेली. पण त्याचे अंग लाकडासारखे ताठ झाले होते आणि डोळे कोठेच पाहत नव्हते. आरती संपण्यापूर्वीच त्यास ओकारी झाली आणि तो तसाच झोपी गेला.

त्या दिवसापासून पुढे दीड महिना तो माझ्याजवळ आला नाही. मी खोलीत शिरले की तो उठून जाई. माझ्या हातची पोळी खात नसे. देवघराच्या दाराशी तर तो पाऊलही टाकीना.

त्या रात्री सूनबाई माझ्या खोलीत आली. ती भांडायला आली असती तर मला उत्तर देता आले असते. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच केलंत, ते मला ठाऊक आहे. पण तो खोटं करत नाही हो. त्याला खरंच दुखतं." दुखते, हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. आवाजाची भीती वाटते हे मी समजू शकत होते. आवाज दुखतो हे मात्र मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी बाळास घेऊन प्रथम कानाच्या आणि नंतर बालविकासाच्या तज्ज्ञांकडे गेलो.

कानांपासून प्रारंभ करणे योग्यच होते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठणे, वरचेवर होणारे कानाचे विकार, अर्धशिशी, किंवा विल्यम्स सिंड्रोम नावाचा एक दुर्मीळ जन्मजात दोष, अशी पुष्कळ कारणे आवाज असह्य होण्यामागे असू शकतात. इतकेच नव्हे, तर कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही मोठा आवाज एकाएकी अतिशय मोठा वाटतो असे कधी कधी आढळते. बाळाची झोपेत 'बेरा' नावाची तपासणी झाली. तीत कानावर आवाज सोडून श्रवणाच्या मज्जातंतूतून मेंदूपर्यंत जाणाऱ्या विद्युत्लहरी मोजतात. मुलाने काही सांगावे लागत नाही. ती निर्दोष निघाली. म्हणजे त्याचे कान आपल्या सर्वांसारखेच होते. आमच्यापेक्षा तीक्ष्णही नव्हते आणि मंदही नव्हते.

मग कमतरता कोठे होती? तज्ज्ञ बाईंनी मला ते जसे समजावले तसे सांगते. आपल्या मधल्या कानात हातोडा, ऐरण व रिकीब अशी तीन हाडे असतात. पैकी रिकीब हे तर सबंध शरीरातील सर्वांत लहान हाड. मोठा आवाज आला की त्यास जोडलेला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा बोथट करतो. पण त्यास क्षणभर वेळ लागतो. म्हणून शिट्टीसारखा अवचित आवाज त्याच्या आधीच आत शिरतो. लहान मुलांच्या कानाची नळी आखूड असते, त्यामुळे तीत बारीक, तीव्र स्वर अधिक घुमतात. आणि शेवटी सारा कारभार मेंदूचा. तोच तोच आवाज वारंवार आला की आपला मेंदू त्याकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. पंख्याचा आवाज आपणांस ऐकू येईनासा होतो तो यामुळेच. काही मुलांच्या मेंदूस हे दुर्लक्ष करणे साधत नाही. त्यांस पंखाही ऐकू येतो, नळाचे ठिबकणेही ऐकू येते, आणि शिट्टी झाली की ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच झाल्यासारखी होते. अशा मुलास सवय लागावी म्हणून त्या आवाजात धरून बसविणे म्हणजे भाजलेल्या हातास विस्तवाची सवय लावण्यासारखे आहे. आवाज असह्य होण्याच्या या स्थितीस वैद्यकात हायपरॲक्युसिस असे नाव आहे.

येथवर केवळ आवाजाची गोष्ट झाली. एवढ्यावरून मात्र कोणी ऑटिझमचा निष्कर्ष काढू नये, हे त्या बाईंनी आम्हांस पुनःपुन्हा बजावले. दीडदोन वर्षांच्या कितीतरी मुलांस मोठ्या आवाजांची भीती वाटते आणि त्यांतील बहुतेकांची ती वाढत्या वयाबरोबर जाते; आमचा थोरला नातू हे त्याचेच उदाहरण. म्हणून त्यांनी आवाजाव्यतिरिक्तच्याच गोष्टी अधिक विचारल्या. मूल बोटाने एखादी वस्तू दाखविते का? आकाशात विमान दिसले तर आधी विमानाकडे आणि मग तुमच्या तोंडाकडे पाहते का? हाकेस ओ देते का? खोटाखोटा चहा करून तुम्हांला पाजते का? आधी येत असलेले शब्द मधेच नाहीसे झाले का? हवी असलेली वस्तू मागताना तुमचा हात धरून तो त्या वस्तूवर नेऊन ठेवते का? सूनबाई एकेका प्रश्नाचे उत्तर देत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होते. शेवटच्या प्रश्नाखेरीज सर्वांची उत्तरे आमच्या आशेच्या विरुद्ध होती; आणि शेवटच्याचे 'हो' हेही, असे मग समजले, त्याच बाजूचे होते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांकरिता वीस प्रश्नांची एक चाळणी जगभर वापरतात. तीत रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होते का, हा प्रश्न आहे. पण तो वीसांतील एकच आहे. या प्रमाणातच पालकांनी त्यास महत्त्व द्यावे.

तीन भेटींनंतर निदान झाले: ऑटिझम. मराठीत त्यास स्वमग्नता म्हणतात.

त्यानंतर मी चष्मा लावून वाचावयास बसले. हा विषय ज्यांच्या लेखापासून सुरू झाला असे मानतात, त्या अमेरिकेतील बाल्टिमोरच्या डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. आठ मुलगे व तीन मुली. त्यांतील काही मुले बहिरी आहेत अशीच प्रथम सर्वांची समजूत होती. तीच मुले घरातील यंत्रांच्या आवाजाने मात्र भयभीत होत. याहून एक बारकावा कॅनरसाहेबांनी टिपला आहे: जे मूल बाहेरून येणाऱ्या आवाजास इतके भिते, ते स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करते. म्हणजे जो आवाज अवचित, आपल्या इच्छेविरुद्ध येऊन आदळतो तो नको असतो. हे वाचताच मला आठवले, बाळ स्वतः डब्याची झाकणे तासनतास आपटी आणि आम्ही म्हणत असू, "पाहा, हा आवाज बरा चालतो!" त्यास ढोंग म्हणणारे आम्ही किती चुकलो होतो!

इतक्या आरंभी नोंदलेली ही गोष्ट पुढे बराच काळ बाजूलाच पडली होती. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली आपल्या निदानाच्या ग्रंथात इंद्रियांच्या अतिसंवेदनेस किंवा मंदसंवेदनेस ऑटिझमच्या लक्षणांत स्थान दिले. 2021 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका अंदाजात असे दिसले की, ऑटिझम असलेल्यांपैकी सुमारे 41 टक्के लोकांस त्या वेळी, आणि सुमारे 60 टक्के लोकांस आयुष्यात केव्हा ना केव्हा, आवाज असह्य होत असतो. ऑटिझम असूनही पशुविज्ञानात मोठे नाव मिळविलेल्या टेंपल ग्रँडिन या विदुषींनी आपल्या शाळेच्या घंटेविषयी लिहिताना दाताच्या डॉक्टरांच्या यंत्राची उपमा दिली आहे. ते यंत्र उघड्या नसेस लागावे तशी ती घंटा त्यांस लागे. सूनबाईने वापरलेला 'दुखतं' हा शब्द किती अचूक होता!

म्हणूनच स्वमग्न हा शब्द मला अपुरा वाटतो. आमचा बाळ स्वतःत मग्न नव्हता. बाहेरचे जग त्यास फार मोठ्याने ऐकू येत होते, म्हणून तो दार लावून घेत होता. आणि आम्ही त्या दारावर अधिकाधिक जोराने थापा मारीत होतो.

आईस दोष देण्याविषयीही दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे; कारण ते बोलणे माझ्या घरात झाले आणि मी ते ऐकून घेतले. ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. पाश्चात्त्य देशांतही आईचे मन कोरडे म्हणून मूल असे होते, असे विद्वान म्हणविणारे लोक कित्येक वर्षे सांगत असत; ब्रूनो बेटेलहाईम यांचे 1967 सालचे पुस्तक त्याच मताचे. त्यापूर्वीच, 1964 साली, स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी हे मत खोडून काढले होते. पुढे 1977 साली फोल्स्टीन व रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासून यात आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे हे दाखविले. आज आईच्या वागण्याने ऑटिझम होतो असे कोणीही जाणता मनुष्य म्हणत नाही. मी हे सारे एका रविवारी जेवणे झाल्यावर सर्वांसमक्ष वाचून दाखविले. कोणी काही बोलले नाही. मात्र सूनबाई पदराआड तोंड करून उठून गेली, आणि तिच्या मागोमाग आमच्या जाऊबाई गेल्या. त्या दोघी पुष्कळ वेळाने परतल्या.

आनुवंशिकतेचा शब्द निघाला तेव्हा यजमानांनी एकाएकी आपल्या एका काकांची आठवण काढली. ते माझ्या लग्नापूर्वीच वारले. जुन्या वाड्यात मागील अंगणाशी एक अंधारी खोली होती, तीत ते राहत. गणितात त्यांचा हात धरणारा घरात कोणी नव्हता, परंतु पंगतीत ते कधी बसले नाहीत. ताटवाट्यांचा आवाज निवाला की एकटे येऊन जेवत. लग्नमुंजीत चौघडा वाजू लागला की ते पर्वतीकडे निघून जात आणि रात्री परतत. त्यांना विक्षिप्त म्हणत आणि मुले त्यांच्या दाराशी मुद्दाम पत्रे वाजवून पळत. "मीही वाजवला आहे," यजमान हळूच म्हणाले. गेलेल्या माणसास आज एखाद्या निदानाची चिठ्ठी चिकटविणे योग्य नव्हे, आणि मी ती चिकटवीत नाही. पण त्यांचे कान दुखत असतील, असे त्या वाड्यातील इतक्या माणसांपैकी एकासही कधी वाटले नाही, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे आम्ही घरात काय केले ते थोडक्यात सांगते. कुकर लावण्यापूर्वी बाळास शिट्टीचे चित्र दाखवावयाचे आणि बोटांवर मोजून किती शिट्ट्या होणार ते सांगावयाचे. मिक्सर मागच्या बाल्कनीत गेला आणि वाटणघाटण तो फिरावयास गेला म्हणजे करावयाचे ठरले. दाराची कर्कश घंटा काढून मंद सुराची बसविली. बाहेर जाताना कान झाकणारी इअरमफ बरोबर असतात. तथापि ती दिवसभर घालू नयेत असे तज्ज्ञांनी सांगितले आहे, कारण सतत शांततेत राहिलेले कान आणखी हळवे होतात. म्हणून आवाज पूर्ण बंद करणे हा आमचा हेतू नाही. तो केव्हा येणार हे त्यास आधी कळावे आणि नको झाला तर बाजूला जाता यावे, एवढाच आहे. आठवड्यातून दोनदा तो उपचारांसाठी जातो. तेथे खेळता खेळता, अगदी हलक्या आवाजापासून आरंभ करून, त्याच्या कलाने पुढे जातात. भर गर्दीत मूल मांडीवर दाबून धरणे आणि ही रीत यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

अकरा माणसांच्या घरात हे नियम पाळणे सोपे गेले नाही. दिरांचा दूरदर्शन संच अजून मोठ्यानेच लागतो आणि त्यावरून अधूनमधून कुरबुर होते. परंतु एकत्र कुटुंबाचा जसा हा तोटा, तसा लाभही आहे: एकजण कंटाळला की दुसरा पुढे होतो, आणि त्या मुलाची आई एकटी पडत नाही. गल्लीतील मंडळाच्या मुलांनाही आम्ही भेटलो. वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये असा नियम 2000 सालापासून आहे, हे सांगावयास मी कागद घेऊन गेले होते. पण कागद दाखवावा लागला नाही. बाळाची हकीगत ऐकून त्यांनी कर्ण्याचे तोंड आमच्या खिडकीकडून वळविले.

ज्या घरांत असे मूल असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, मूल कानांवर हात ठेवते तेव्हा प्रथम त्यावर विश्वास ठेवा. हसू नका, चिडवू नका आणि ते हात ओढू नका. नुसत्या आवाजाच्या भीतीने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तिच्या जोडीला हाकेस ओ न देणे, बोटाने न दाखविणे, शब्द न येणे किंवा आलेले जाणे, असे काही दिसले तर थांबू नका, आणि 'मुलगे उशिराच बोलतात' या वाक्यावर विसंबू नका. कानांची तपासणी करा, मग विकासाची. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. निदान लवकर झाल्याने मूल बदलते की नाही हे मी सांगू शकत नाही. घर बदलते, हे मात्र मी अनुभवाने सांगते.

आता बाळाच्या आरतीविषयी सांगून पुरे करते. पुढच्या वर्षी आम्ही झांजा बाहेर काढल्या नाहीत. पाहुण्यांना आधी कळवून नुसत्या टाळ्यांवर, मंद आवाजात आरती म्हटली. जुन्या मंडळींपैकी दोघांना ते रुचले नाही. बाळ आतच राहिला. त्याच्या पुढल्या वर्षी, 2024 साली, तो देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. त्याच्या हाती एक लहानशी घंटा दिली होती. ती तो आपल्या मनाने एकदाच वाजवी, थांबे, पुन्हा वाजवी. आमच्या तालाशी तिचा काही संबंध नव्हता. मधेच खालच्या रस्त्यावर कोठेतरी ताशा कडाडला. बाळाने घंटा टाकली आणि मला वाटले, आता हा भिंतीकडे पळणार. पण तो माझ्याजवळ आला. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिले नाही. माझे दोन्ही हात त्याने मनगटांना धरून उचलले आणि आपल्या कानांवर नेऊन ठेवले.

मुलाने असा दुसऱ्याचा हात धरून नेणे, हे तज्ज्ञ बाईंच्या यादीतील एक लक्षण आहे, हे मी विसरले नाही. पण ज्या हातांनी मी ते कान उघडे केले होते तेच त्याने झाकावयास घेतले होते. ताशा थांबेपर्यंत मी ते तसेच धरून ठेवले. आरतीचे शेवटचे कडवे माझे म्हणावयाचे राहून गेले.